स्वतःच्या पुस्तकात चुका दुरुस्त कराव्यात का, टिपा लिहाव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची पुस्तके आता माझ्याकडे आली आहेत. त्यांतल्या काहींत त्यांनी निळ्या शाईने खुणा आणि दुरुस्त्या केल्या आहेत. मलाही वाचताना छपाईच्या चुका सारख्या दिसतात आणि हात शिवशिवतो. पण पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायचा, अशा घरात मी वाढलो. तेव्हा आपल्याच पुस्तकात दुरुस्त्या आणि टिपा लिहाव्यात की नाहीत? लिहायच्या तर कशाने आणि कशा? आणि वडिलांच्या खुणांचे काय करावे?

माझी उभी हयात मुद्रितशोधनात आणि जुन्या पुस्तकांच्या संपादनात गेली. माझे उत्तर सरळ आहे: लिहा. पुस्तक तुमचे स्वतःचे असेल, कागद धडधाकट असेल आणि तुमच्या लिहिण्याने छापलेले एकही अक्षर झाकले जाणार नसेल, तर अवश्य लिहा. यातली शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमच्यानंतर ते पुस्तक ज्याच्या हाती जाईल त्याला तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत: छापखान्याने काय छापले, तुम्ही काय लिहिले आणि ते कशाच्या आधारावर लिहिले. या तिन्हींची सरमिसळ झाली की पुस्तक बिघडते. नुसत्या पेन्सिलीच्या रेघेने ते बिघडत नाही.

पुस्तकावर लिहिणे हा सरस्वतीचा अपमान, ही समजूत शाळेतल्या पुस्तकांमुळे पक्की झाली असावी. धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला पुढच्या वर्षी तेच पुस्तक द्यायचे असायचे, त्यामुळे ते कोरे राखणे भागच होते. तो हिशोब तेव्हा बरोबर होता. पण आपल्याकडची पोथ्यांची परंपरा पाहिली तर ग्रंथात दुरुस्ती करणे हे अभ्यासकाचे कामच मानलेले दिसते. लेखनिक पोथीच्या शेवटी लिहून ठेवायचा: ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया। यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते॥’ म्हणजे समोर होते तसे उतरवले, चुका असतील तर दोष माझा नाही. शुद्ध करून घेण्याची जबाबदारी त्याने वाचणाऱ्यावर सोपवलेली असायची. गाळलेले अक्षर दाखवायला ओळीत काकपदाची खूण करत, सुटलेला मजकूर समासात लिहीत आणि तो कोणत्या ओळीतला हे कळावे म्हणून शेजारी ओळीचा आकडा घालत. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर नवे अक्षर लिहीत.

यातली पहिली पद्धत आजही अनुकरण करावे इतकी चांगली आहे. दुसरी मात्र संपादकांना फार जड जाते, कारण हरताळाखाली मूळ काय होते ते दिसत नाही. खालचे अक्षर खरोखर चूक होते की दुरुस्त करणाऱ्याला ते कळले नव्हते, हे ठरवायला काही साधनच उरत नाही.

समासातल्या लिखाणाचाही एक मोठा धोका आहे, आणि लिहिणाऱ्याने तो ओळखून असावे. पोथीच्या समासात कुणी एक सुटलेला श्लोक लिहिला, कुणी दुसऱ्याने स्वतःला सुचलेला जोडला. पुढची नक्कल करणाऱ्याला यातले मूळ कोणते आणि भर कोणती हे कळेना, म्हणून त्याने दोन्ही मजकुरात घेतले. प्रक्षेप, म्हणजे मूळ ग्रंथात मागाहून घुसलेला मजकूर, वाढण्याच्या वाटांपैकी ही एक वाट. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. शेकडो हस्तलिखिते ओळीओळीने ताडून पाहावी लागली ती असे थर वेगळे करण्यासाठीच.

याबाबतीत मला सर्वांत मोठा आदर्श वाटतो तो एकनाथमहाराजांचा. शके १२१२ मधली ज्ञानेश्वरी त्यांच्या काळापर्यंत हातोहात उतरवली जाऊन पुष्कळ बदलली होती. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, त्यांनी तिची शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी कारणही नोंदवले: ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध। परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध।’ मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठ उतरत गेले तसा तो बिघडला. आणि पुढे जो स्वतःची ओवी त्यात घुसडील त्याने ‘अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली’, म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवली, असे बजावले. दुरुस्ती कुणी केली, कधी केली, का केली आणि हद्द कुठे, हे सगळे त्या चार-पाच ओव्यांत आले आहे. आपल्या पुस्तकात पेन्सिल चालवताना एवढे भान असले तरी पुष्कळ झाले.

आता चूक कशाला म्हणायचे ते पाहू. इथे वाचकांची सर्वांत जास्त गफलत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रकार निखळ मुद्रणदोषांचा. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून केलेल्या, छपाईत जुळाऱ्याच्या हाती शेजारच्या खणातला खिळा यायचा, घ च्या जागी ध किंवा भ च्या जागी म बसायचा. वेलांटी तुटायची, मात्रा उडायची, अनुस्वार छापताना उमटायचाच नाही. आकड्यांत १ आणि ९, ३ आणि ६ यांची अदलाबदल नेहमीची. संगणकावर अक्षरजुळणी आल्यावर चुकांची जात बदलली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो. अशी चूक एकदा दिसली की त्याच पुस्तकात ती पुन्हा पुन्हा सापडते, कारण ती माणसाने केलेली नसते. या प्रकारात बेधडक दुरुस्ती करा. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असेल तर वाचायला सुरुवात करण्याआधीच त्यातल्या दुरुस्त्या पेन्सिलीने त्या त्या पानावर नेऊन ठेवा आणि शुद्धिपत्राच्या पानावर ‘नोंदवले’ असे लिहा. अर्ध्या तासाचे काम असते, पण फार थोडे वाचक ते करतात. मग बिचारे शुद्धिपत्र कुणी न वाचताच राहते.

दुसरा प्रकार जुन्या लेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. तेव्हा ते चौदा होते, १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘केलें’, ‘त्यानें’, ‘घरांत’ असे लिहिलेले दिसेल. यातले काहीही चूक नाही, त्या काळचे ते शुद्ध लेखन आहे. लाल पेन घेऊन हे अनुस्वार छाटणारे वाचक मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे. त्या अनुस्वारांना अर्थ होता. एक उदाहरण देतो. आज ‘घरांत’ असे लिहिले की एकाहून जास्त घरे आहेत असे आपण समजतो. १९३० च्या पुस्तकात मात्र ‘घरांत’ हे एका घराबद्दलही असू शकते. इथे दुरुस्ती करायची नसते. वाचताना गोंधळ होत असेल तर समासात ‘एकवचन’ एवढे बारीक लिहावे आणि पुढे जावे.

तिसरा प्रकार लेखकाच्या माहितीचा. इथे पेन्सिल सर्वांत जपून चालवावी. शिवाजी महाराजांच्या संदर्भातली दोन उदाहरणे घेऊ, कारण इतिहासाची पुस्तके मराठी घरात हमखास असतात.

समजा एका पुस्तकात राज्याभिषेक ‘शके १६९६’ मध्ये झाला असे छापले आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. १६९६ अधिक ७८ म्हणजे १७७४, हे तर शक्यच नाही. १५९६ अधिक ७८ म्हणजे १६७४, हे बरोबर. म्हणजे दुसऱ्या आकड्यात ५ च्या जागी ६ पडला आहे, मुद्रणदोष आहे. मी अशा वेळी त्या ६ च्या खाली एक बारीक टिंब देतो आणि त्याच ओळीसमोर बाहेरच्या समासात लिहितो: ‘१५९६. +७८ = १६७४’. आकडा खोडत नाही. पडताळा शेजारीच असल्यामुळे पुढच्या वाचकाला माझ्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.

आता दुसरे. एखाद्या जुन्या चरित्रात महाराजांचा जन्म १६२७ चा दिलेला असेल. तो आकडा खोडून १६३० करावासा वाटेल. करू नका. लेखकाच्या काळी बखरींच्या आधाराने १६२७ हेच साल पुष्कळांनी धरलेले होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली (जेधे घराण्याकडची, सालवार घटनांची जुनी नोंद) प्रसिद्ध केली आणि तिच्यातली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही नोंद समोर आल्यावर चर्चेला वेगळे वळण लागले. (ही तिथी फाल्गुनातली, म्हणजे इसवी सनाचे नवे वर्ष लागल्यानंतर आणि पाडव्याच्या आधीची. अशा वेळी ७८ नव्हे, ७९ मिळवायचे, म्हणून १६३०.) जुन्या पुस्तकातले १६२७ हे त्या काळी माणसांना काय ठाऊक होते याचा पुरावा आहे. समासात ‘जेधे शकावली: शके १५५१, १६३०’ अशी नोंद करा. आकड्याला हात लावू नका.

आणि एक चौथा प्रकार असतो, तो चुकीचा नसतोच. लेखकाचे मत पटत नाही, इतकेच. तिथे ‘चूक’, ‘खोटे’ असे शेरे मारण्यापेक्षा का पटत नाही ते चार शब्दांत लिहावे. नुसते उद्गारचिन्ह काढून ठेवले तर पाच वर्षांनी तुम्हालाच आठवणार नाही की आश्चर्य वाटले होते की संताप आला होता.

खात्री आणि शंका यांतला फरकही खुणेतून दिसू द्या. खात्री असेल तर नुसती दुरुस्ती लिहा. शंका असेल तर पुढे प्रश्नचिन्ह घाला. आपलीच जुनी दुरुस्ती चूक निघाली तर तिच्यावर एक बारीक रेघ मारा आणि छापील शब्दाखाली टिंबांची ओळ द्या. प्रुफांत या टिंबांचा अर्थ ‘मूळ आहे तसेच राहू द्या’ असा असतो. कामाच्या प्रुफावर चुकीचे अक्षर छेदून बाहेर दुरुस्ती लिहितात, कारण ते प्रूफ पुढे रद्दीतच जायचे असते. घरच्या पुस्तकात ते छेदणे टाळा.

साधनांबद्दल. पेन्सिल एचबी किंवा त्याहून किंचित मऊ असावी, टोक बारीक, हात हलका. फार कडक पेन्सिल कागदात घर करते, खोडली तरी चर मागच्या पानावर उमटलेला राहतो. फार मऊ पेन्सिल समोरच्या पानाला फासते. खोडरबर मऊ पांढरे वापरा. जुनी कागदपत्रे आणि हस्तलिखिते जपणाऱ्या संस्था वाचकांना पेन्सिलच वापरायला लावतात, त्याला हेच कारण आहे: ग्रॅफाइट पाण्याने पसरत नाही, कागदाला खात नाही आणि काढून टाकता येते. जेल पेन पातळ कागदात मागे उतरते. बॉलपेनच्या शाईभोवती काही वर्षांनी तेलकट कडा धरते. हायलायटरचा रंग यथावकाश उडतो आणि मागे मळकट पट्टा राहतो. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या चार दिवसांसाठी ठीक, पण त्यांचा चिकटपणा पानावर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत टाचण्या आणि क्लिपा पावसाळ्यात गंजतात आणि पानाला तपकिरी डाग पाडतात, त्या पुस्तकात ठेवूच नका.

वर्तमानपत्राची कात्रणे पुस्तकात ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे. लेखकाच्या निधनाची बातमी, परीक्षण, मुलाखत असे काहीबाही असते. हेतू चांगला असतो, पण वृत्तपत्राचा कागद आम्लधर्मी असतो आणि समोरासमोरच्या दोन्ही पानांवर कात्रणाच्या आकाराचा तपकिरी ठसा उमटतो. कात्रण पाकिटात घालून वेगळे ठेवा आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ‘परीक्षण पाकिटात’ एवढे लिहा.

इतका वेळ दुरुस्त्यांबद्दल बोललो. टिपांबद्दल माझा आग्रह त्याहून जास्त आहे. मराठी वैचारिक आणि संदर्भपर पुस्तकांत शेवटी सूची नसणे ही आपली जुनी उणीव आहे. पाचशे पानांचे आत्मचरित्र असते आणि एखादे नाव कुठे आले होते ते शोधायला सगळे पुन्हा चाळावे लागते. म्हणून वाचतानाच शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःची सूची करा. पान क्रमांक आणि पुढे दोन-तीन शब्द: ‘११४ प्लेगची छावणी’, ‘२०७ छापखान्याचे कर्ज’, ‘३५१ भाषण, पण तारीख?’ मजकुराखाली रेघा ओढण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी. रेघ ओढताना वाटते की महत्त्वाचे सापडले. पुढे पानभर रेघा झाल्या की त्यातले महत्त्वाचे कोणते ते कळेनासे होते. रेघ ओढायचीच तर ओळीखाली न ओढता समासात उभी ओढा आणि शेजारी एक शब्द लिहा.

अशा खुणांतून पुढे काय हाती लागते याचे मोठे उदाहरण आपल्याच घरचे आहे. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकवले. ड्यूईंच्या पुस्तकांच्या बाबासाहेबांनी खुणा केलेल्या प्रती मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जपल्या आहेत. १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेब ड्यूईंचे ऋण नावानिशी मान्य करतात. पण गुरूचे नेमके काय घेतले, कोणत्या ओळीपाशी थांबले, याचा माग अभ्यासकांना त्या खुणांवरून काढता आला. त्या प्रती कोऱ्या राहिल्या असत्या तर हा माग निघाला नसता.

तुमच्याआमच्या टिपांना इतके मोल येणार नाही, हे मान्य. पण घरातले पाककृतींचे पुस्तक उघडून पाहा. ‘साखर पाऊण वाटी पुरे’, ‘भाजणी दुप्पट घ्यावी’, ‘ताईच्या डोहाळजेवणाला केले, छान झाले’ असे आईच्या हातचे शेरे असलेली प्रत कुणी नव्या कोऱ्या प्रतीशी बदलून देईल का? फक्त एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते: तारीख. टिपेखाली नाही तरी निदान पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर ‘वाचले’ असे लिहून महिना, साल आणि आद्याक्षरे घाला. दुसऱ्यांदा वाचलेत तर पुन्हा घाला. मग कोणती टीप कुणाची हे ठरवता येते.

कुठे लिहू नये ते उघड आहे, तरी सांगतो. ग्रंथालयाचे आणि उसने आणलेले पुस्तक, हस्तलिखित पोथी, शिळाछापाची जुनी पुस्तके, लेखकाच्या स्वाक्षरीची दुर्मीळ पहिली आवृत्ती, नियतकालिकांचे बांधीव जुने खंड. शिवाय ज्या पुस्तकाचे पान उलटताना कुरकुरते, कडा तपकिरी होऊन कपचे उडतात, तिथे पेन्सिलीचा दाबही सोसत नाही. अशा पुस्तकांसाठी वेगळी वही करा. पुस्तकाचे नाव, आवृत्ती, साल, पान, ओळ आणि मग नोंद. आवृत्ती विसरू नका. खिळ्यांच्या काळात एक आवृत्ती छापून झाली की खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकत, त्यामुळे पुढची आवृत्ती नव्याने जुळवावी लागे. जुन्या काही चुका जात आणि नव्या येत. एका आवृत्तीची दुरुस्ती दुसरीला लागू पडेलच असे नाही.

दुरुस्त्या फक्त स्वतःजवळ ठेवू नका. पुस्तक बाजारात असेल तर प्रकाशकाला कळवा. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या लहान असतात, पुन्हा छापायची वेळ येते तेव्हा फाईल उघडून दुरुस्ती करणे आता मिनिटांचे काम आहे. पण पत्रात ‘तुमच्या पुस्तकात फार चुका आहेत’ असे लिहू नका, त्याचा कुणालाच उपयोग होत नाही. चार रकाने आखा: पान आणि ओळ (वरून सातवी, खालून तिसरी असे), छापलेले, हवे असलेले, आधार. वर पुस्तकाची आवृत्ती आणि साल. असा कागद हाती आला की मुद्रितशोधकाला किती हायसे वाटते, ते मी अनुभवाने सांगतो.

आता वडिलांच्या खुणा. त्या खोडू नका, शाई काढायची कोणतीही औषधे लावू नका. शाई जाईल न जाईल, कागद मात्र नक्की खराब होईल. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहा: ‘निळ्या शाईतील खुणा माझ्या वडिलांच्या’, पुढे त्यांचे नाव, गाव, व्यवसाय आणि हे पुस्तक त्यांनी साधारण कोणत्या वर्षांत वाचले असेल ते. तुमच्या स्वतःच्या टिपा पेन्सिलीत ठेवा, म्हणजे दोन्ही आपोआप वेगळ्या राहतील. वडिलांची एखादी दुरुस्ती तुम्हाला चुकीची वाटली तर तीही तशीच असू द्या आणि तिच्या खाली तुमचे म्हणणे आधारासकट लिहा. त्यांनी जुन्या पुस्तकातले अनुस्वार छाटलेले असतील, तर पहिल्या पानावरच्या नोंदीत तेही सांगा, म्हणजे पुढचा वाचक फसणार नाही.

पुढेमागे ही पुस्तके एखाद्या ग्रंथालयाला द्यायची झाली तर देण्याआधी तिथे विचारून घ्या. खुणा केलेली सर्वसाधारण पुस्तके पुष्कळ ग्रंथालये घेत नाहीत, कारण ती देवघेवीत फिरवायची असतात. पण वडील शिक्षक, वैद्य, कीर्तनकार, शेतकरी संघटनेतले कार्यकर्ते असे कुणी असतील आणि खुणा त्यांच्या विषयातल्या असतील, तर स्थानिक इतिहासाचा किंवा त्या विषयाचा संग्रह करणाऱ्या संस्थेला त्या हव्याच असतात. तिथे पुस्तके सुटी सुटी न देता एकत्र द्या आणि सोबत वर सांगितलेल्या नोंदींची यादी जोडा.